कच्चा थर : हिमालयातील हिमस्खलनाची ओळख

डोंगरउतारावर साठलेले हिम एकाएकी सुटून वेगाने खाली येते, त्याला हिमस्खलन म्हणतात. या व्याख्येतला 'एकाएकी' हा शब्द थोडा तपासून घ्यायला हवा. सुटण्याचा क्षण अचानक येतो हे खरे; पण त्याची तयारी कित्येक दिवस, कधी कधी दोन-तीन महिने चाललेली असते. नोव्हेंबरात पडलेल्या पहिल्या हिमाचे पुढे काय झाले, यावर फेब्रुवारीत कोणता उतार सुटणार हे ठरते. हिवाळ्यातले प्रत्येक वादळ, प्रत्येक निरभ्र रात्र आणि वाऱ्याचा प्रत्येक दिवस हिमाच्या साठ्यात आपला थर ठेवून जातो. वरून सगळे एकसारखे पांढरे दिसते. धोका असतो तो खाली, दोन थरांच्या मधल्या एखाद्या कच्च्या जागी.

विषयात शिरण्यापूर्वी शब्दांची थोडी फोड करणे भाग आहे. मराठी मुलखात आकाशातून हिम पडत नाही, त्यामुळे उसाच्या रसात पडणारा कारखान्यातला बर्फ आणि गुलमर्गला आभाळातून उतरणारा बर्फ या दोहोंना भाषेने एकच शब्द दिला. या दोन वस्तूंची वागणूक मात्र अगदी वेगळी आहे. म्हणून येथे आकाशातून पडून साठलेल्या, हवा पोटात धरून असलेल्या पदार्थाला 'हिम' आणि गोठून घट्ट झालेल्याला 'बर्फ' म्हटले आहे. 'हिमकडा कोसळला' हा वृत्तपत्रांचा आवडता मथळा तर तीन निरनिराळ्या घटनांना सरसकट लावला जातो. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगारांचा जीव गेला, तो वरच्या लटकत्या हिमनदीचा बर्फ तुटल्यामुळे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या अंगावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर दगड आणि बर्फ सुटला. त्यात बहुतांश भाग खडकाचा होता आणि २०४ माणसे मृत वा बेपत्ता झाली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील 'द्रौपदी का डांडा-२' या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर जे घडले ते मात्र खऱ्या अर्थाने हिमस्खलन होते. नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक शिखराजवळच्या उतारावर असताना हिमाचा थर सुटला आणि अनेकांना घेऊन खालच्या भेगेत गेला. सत्तावीस मृतदेह हाती आले, दोघे सापडलेच नाहीत. पहिल्या दोन प्रकारांचा अंदाज बांधणे फार अवघड आहे. तिसऱ्याचे तसे नाही. तो समजून घेता येतो, आणि पुष्कळदा टाळताही येतो.

ढगातून पडणारे हिम षट्कोनी, फांद्या फुटलेल्या स्फटिकांचे असते. ताजे असताना त्यात सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक हवाच असते. एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो. जमिनीवर आल्यापासून ते बदलू लागते. फांद्या झिजतात, कण गोल होतात, शेजारच्या कणाला टेकले की दोघांमध्ये बर्फाची बारीक मान तयार होते. अशा असंख्य मानांनी थर बांधला जातो, दबतो, घट्ट होतो. कारभार एवढाच असता तर हिमालयातले उतार हिवाळाभर निर्धास्त राहिले असते.

याच्या उलट दिशेने चालणारी एक क्रिया आहे, आणि स्खलनाचे मूळ बहुधा तिथे सापडते. हिमाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. साठा दोन मीटर जाड असेल तर हा वीस अंशांचा फरक दोन मीटरभर वाटला जातो, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला एक अंश. साठा अर्धा मीटरच असेल तर तोच फरक दर दहा सेंटिमीटरला चार अंश होतो. दहा सेंटिमीटरला एक अंश ही ढोबळ सीमा मानतात. ती ओलांडली की खालच्या उबदार कणांतून निघालेली वाफ वर सरकत वरच्या कणांवर गोठते आणि कण गोल होण्याऐवजी टोकदार, पैलूदार होत जातात. आठवड्या-दोन आठवड्यांत तळाशी असा थर बनतो की मुठीत घेतला तर जाड साखरेसारखा बोटांच्या फटींतून गळून जातो. त्याचा गोळा होत नाही. कणांना एकमेकांशी जोडणाऱ्या मानाच उरलेल्या नसतात. या साखरी थरावर जानेवारीचे भरघोस हिम येऊन बसते आणि बाहेरून उतार भक्कम दिसू लागतो.

कमी हिमाचा हिवाळा अधिक दगाबाज ठरतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. त्याचे कारण याच हिशेबात आहे.

दुसरा एक कच्चा थर थेट पृष्ठभागावर तयार होतो, आणि त्याची छोटी आवृत्ती महाराष्ट्रालाही ओळखीची आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीच्या दिवसांत गवतावर आणि मोटारींच्या टपांवर पांढरा थर धरतो आणि 'दवबिंदू गोठले' अशी बातमी येते. हिमालयात शांत, निरभ्र रात्री असेच पिसासारखे नाजूक स्फटिक हिमाच्या पृष्ठभागावर उभे राहतात. सकाळच्या उन्हात ते चमचमतात आणि छायाचित्रांत फार सुंदर दिसतात. उन्हाने वा वाऱ्याने मोडण्याआधीच त्यांच्यावर नवे हिम पडले तर ते तसेच गाडले जातात. कागदाइतका पातळ हा थर आठवडेच्या आठवडे कच्चा राहू शकतो.

अशा थरावर वारा किंवा वादळ जेव्हा घट्ट, एकसंध हिमाचे आवरण चढवते तेव्हा स्खलनाची सामग्री पुरी होते. खाली कच्चा थर, वर लादी. सुटे हिम एका बिंदूपासून सुटून खाली पंख्यासारखे पसरते. ते बहुतेक वेळा लहान असते. माणसे मारते ती लादी. वरच्या वजनाने कच्चा थर एका जागी चिरडला की ती मोड क्षणात चहूकडे धावते, लादी खालपासून सुटी होते, वरच्या बाजूला आडवी भेग उघडते आणि सगळा उतार एकदम हलतो. पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि जेमतेम गुडघाभर जाडीची लादीसुद्धा अडीचशे टनांच्या घरात जाते. काही सेकंदांत ती ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठू शकते. मोठ्या उंचीवरून कोसळणारे कोरडे हिम हवेत उधळून धुरळ्याच्या लोटासारखे येते; त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो आणि पुढच्या हवेच्या दाबाने झाडे मोडतात.

कच्चा थर चिरडायला फार काही लागत नाही. नव्या हिमाचे वजन पुरते, वरच्या धारेवरून लोंबणारा हिमाचा छज्जा तुटून पडला तरी पुरते, आणि माणसाच्या पावलाचा भारही पुष्कळदा पुरतो. आल्प्स आणि उत्तर अमेरिकेतील दीर्घकाळच्या नोंदी सांगतात की मनोरंजनासाठी डोंगरात गेलेल्यांच्या प्राणघातक अपघातांपैकी सुमारे नव्वद टक्के अपघातांत ते स्खलन बळी पडलेल्याने किंवा त्याच्याच गटातील कोणी सुरू केलेले असते. सगळ्या विषयात याहून महत्त्वाचा आकडा नाही. आवाजाने, ओरडण्याने हिम सुटते ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत आहे. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी कितीतरी अपुरा असतो. पावलाचा परिणाम मात्र खाली पाऊण-एक मीटरपर्यंत पोहोचतो. त्यामुळे जिथे लादी पातळ असते, म्हणजे कडेला, उंचवट्यावर, वर डोके काढलेल्या खडकांच्या आसपास, तिथे कच्चा थर पायाच्या टप्प्यात येतो. थकलेला माणूस टेकायला नेमका त्या खडकाकडेच वळतो.

उताराचा कोन हा या विषयातील सर्वांत विश्वासार्ह घटक आहे, कारण हिम रोज बदलते आणि डोंगर बदलत नाही. लादीचे स्खलन बहुतकरून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होते. त्यातही ३५ ते ४० अंशांच्या टप्प्यात सर्वाधिक. पंचवीसच्या खाली ते क्वचितच सुटते. पंचावन्नच्या वर हिम साठतच नाही, पडता पडता घसरत राहते. डोळ्याचा अंदाज इथे कामाचा नाही. कोनमापक लागतो, आणि तो आता प्रत्येक फोनमध्ये असतो. अर्थात सपाटीवर उभा असलेला माणूस सुरक्षित असतोच असे नाही. वरच्या उतारावरून सुटलेले हिम सपाटीवरही शेकडो मीटर पुढे धावते, आणि कच्चा थर सलग असेल तर पायथ्याशी टाकलेले पाऊल वरचा उतार सोडवू शकते.

सह्याद्रीत मुरलेल्या पायांना येथे एक सवय मोडावी लागते. सह्याद्रीत कोकणातून घाटमाथ्यावर जाणाऱ्या कितीतरी वाटा नाळेतून चढतात. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, बोराट्याची नाळ ही नावेच त्याची साक्ष आहेत. दोन्ही बाजूंना कडे, मधून दगडधोंड्यांची सरळ चढण. घसाऱ्याचा त्रास असला तरी वाट नाळेतच सापडते, हे तिथे लहानपणापासून अंगात भिनलेले असते. हिमाच्छादित डोंगरात नाळ म्हणजे पन्हाळ आहे. वरच्या सगळ्या उतारांचे हिम तिच्यातच उतरते, आणि थोडेसे हिम सुटले तरी अरुंद तळाशी त्याचा थर पुरुषभर उंच होतो. तिथे सुरक्षित वाट बहुधा धारेवरून किंवा रुंद सोंडेवरून जाते. केदारकांठा, कुआरी खिंड, ब्रह्मताल अशा हिवाळी ट्रेकवर पुणे, मुंबई, नाशिककडून दर वर्षी मोठ्या संख्येने तरुण जातात. पावसाळ्यात सह्याद्री तुडवलेला ट्रेकर तिथे दमसासाच्या बाबतीत कमी पडत नाही. डोंगर वाचण्याची त्याची सवय मात्र तिथे अनेकदा उलटी ठरते.

धारेलाही तिचे स्वतःचे भय आहे. वारा हिम उचलून धारेपलीकडे टाकतो. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू खरवडली जाते आणि आडोशाच्या बाजूला, आकाशातून हिमाचा एक कण पडत नसतानाही, तासाभरात वीतभर लादी तयार होऊ शकते. धारेच्या काठावर पलीकडे लोंबणारे हिमछज्जे असतात. वरून पाहणाऱ्याला छज्जा आणि डोंगर यांतला फरक दिसत नाही, आणि छज्जा तुटतो तो कडेपासून कितीतरी आत. म्हणून धारेवर चालायचे ते काठापासून बरेच मागे, वाऱ्याच्या अंगाने.

पश्चिम हिमालयात हिवाळी हिम आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे हे वाऱ्याचे पट्टे डिसेंबर ते मार्च या काळात एकामागून एक येऊन धडकतात. पण सगळा प्रदेश एकाच साच्यातला नाही. भारतीय संशोधकांनी त्याचे तीन पट्टे पाडले आहेत. पीर पंजालचा पट्टा तुलनेने कमी उंचीचा आणि उबदार. हिम भरपूर पडते आणि लवकर घट्टही होते, त्यामुळे स्खलने मुख्यतः वादळ चालू असताना किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत होतात. मधला मुख्य हिमालयाचा पट्टा दोन्ही स्वभावांचा. काराकोरममध्ये थंडी कडाक्याची, वारा प्रचंड आणि साठ्याच्या तळाशी साखरी थर हिवाळाभर टिकून. तिथे वादळ जाऊन आठवडा उलटला, आकाश निळेशार झाले, तरी उतार सुटतो. गुलमर्गच्या अनुभवावर लडाखमध्ये निर्णय घेणारा माणूस म्हणून फसतो.

या पट्ट्यांनी जी किंमत वसूल केली आहे तिचा मोठा वाटा गावकऱ्यांनी आणि जवानांनी भरला आहे. मार्च १९७९ मध्ये लाहौल-स्पितीत दोनशेहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरच्या वाल्टेंगू नार गावात दीडशेहून अधिक. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेत असलेले लष्कराचे सतरा जवान गाडले गेले, आणि ते उंच पर्वतातील युद्धाचेच प्रशिक्षण होते. ७ एप्रिल २०१२ रोजी सियाचेनच्या पलीकडच्या अंगाला, गयारी येथील पाकिस्तानी तळावर १४० माणसे एकाच स्खलनाखाली गेली. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात प्राण गमावलेल्या जवानांमध्ये महाराष्ट्राचे सुपुत्रही होते. ज्या गावांनी जन्मात हिम पाहिले नव्हते त्या गावांत त्या आठवड्यात तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आल्या. गोळीबार थांबलेला असतानाही सियाचेनवर माणसे मरत राहिली, ती थंडीने, उंचीने आणि हिमाने.

हंगामाच्या बाहेरही धोका असतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी बंगालच्या उपसागरातील हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. त्याचे उरलेले बाष्प उत्तरेला सरकत गेले आणि दोन दिवसांनी नेपाळमधील अन्नपूर्णा-धौलागिरी परिसरात हिम होऊन कोसळले. तो ट्रेकिंगचा ऐन हंगाम होता आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या वाटेवर शेकडो माणसे होती. हिमवादळात आणि स्खलनांत मिळून किमान त्रेचाळीस जणांचा मृत्यू झाला. आंध्रच्या किनाऱ्यावरची बातमी हिमालयातील वाटाड्यापर्यंत वेळेवर पोहोचणे किती गरजेचे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. द्रौपदी का डांडावरची दुर्घटनाही ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यातली. साडेपाच हजार मीटरवर मोसमी पावसाचा शेवटचा टप्पा हिमच असतो.

वसंतात स्खलनाचे रूप पालटते. ऊन तापते, वितळलेले पाणी साठ्यात झिरपते, कणांमधल्या माना विरघळतात आणि ओले हिम सुटते. ते सावकाश येते, पण ओल्या काँक्रीटसारखे जड असते आणि वाटेतले झाडखोड, दगड सगळे बरोबर घेऊन येते. पूर्वेकडचे उतार सकाळी मऊ पडतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. म्हणून अनुभवी वाटाडे रात्री दोन-तीनलाच निघतात आणि हिम गोठलेले असतानाच अवघड उतार मागे टाकतात.

उतार वाचण्याची सर्वांत समाधान देणारी रीत म्हणजे हिमात खड्डा खणणे. फावड्याने दीड मीटर खोल खणून वरच्या बाजूची भिंत सपाट तासली की हिवाळा समोर उभा राहतो. ब्रशने किंवा हातमोज्याने हळूच झाडले की मऊ थर आत जातात, घट्ट थर बाहेर राहतात आणि भिंतीवर पट्टे उमटतात. मग प्रत्येक पट्ट्याची परीक्षा. मूठ सहज आत गेली तर तो फार मऊ. मूठ न जाता चार बोटे गेली तर थोडा घट्ट. मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. मूठ जाईल असा थर सुरी लागणाऱ्या थराखाली सापडला तर खणणारा तिथेच थांबतो आणि भिंगाखाली कण पाहतो. त्यानंतर भिंतीतून तीस सेंटिमीटर चौरसाचा खांब मोकळा कापतात, त्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवतात आणि हाताने थापट्या मारतात : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तिसऱ्या-चौथ्या थापटीलाच खांबाचा वरचा भाग ड्रॉवर ओढावा तसा सरळ पुढे सरकून आला तर त्या दिवशी त्या उताराकडे पाठ फिरवायची. खांब तिसाव्या थापटीलाही उभा राहिला तर मात्र निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. खड्डा एका जागेचे सांगतो, आणि वीस पावलांवर थर वेगळे असू शकतात. या परीक्षेने नकार मिळाला तर तो मानावा. होकार मात्र कधीही पुरेसा समजू नये.

खड्डा न खणताही डोंगर काही गोष्टी उघड बोलतो. शेजारच्या तशाच उतारावर ताजे स्खलन दिसणे ही त्यातली सर्वांत मोठी खूण. दुसरी, पाऊल टाकताच पायापासून काचेला तडा जावा तशी धावत जाणारी भेग. तिसरी, पायाखालून येणारा 'धप्प' असा दबका आवाज. सपाटीवर तो ऐकू आला तर कच्चा थर खाली बसला आहे, आणि उतारावर असता तर उतारच निघाला असता. गेल्या चोवीस तासांत भरपूर हिम, वारा वा पाऊस झाला असेल, किंवा पारा झपाट्याने चढला असेल, तर बाकी काही न पाहता चढे उतार सोडून द्यावेत.

प्रदेशव्यापी अंदाज हे संस्थांचे काम आहे. स्वित्झर्लंडच्या दावोसजवळ १९३६ मध्ये हिमाचे पद्धतशीर संशोधन सुरू झाले. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसे गेल्यानंतर उतारांवर पोलादी अडसर उभारण्याला वेग आला. १९९३ पासून युरोपभर धोक्याची पाच पातळ्यांची एकच मोजपट्टी आहे. या पातळ्या समान अंतराने वाढत नाहीत, दर पायरीला धोका कितीतरी पटींनी चढतो. तिसरी पातळी आकड्याने मधली, म्हणून साधारण वाटते. प्रत्यक्षात आल्प्समधील सर्वाधिक बळी त्याच पातळीच्या दिवसांत जातात. चौथ्या-पाचव्या पातळीला माणसे घरी बसतात. भारतात संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन केली. तिच्या निरीक्षकांनी सैनिकी चौक्यांवरून रोजच्या रोज हिमाची खोली, तापमान, वारा नोंदवत या विषयाचा भारतीय पाया घातला. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेसह चंडीगडच्या संरक्षण भूमाहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन झाली. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी ती जिल्हावार इशारे देते. हे इशारे ट्रेकिंगच्या जाहिरातीखाली, तळावरच्या फलकावर, वाटाड्याच्या फोनवर रोज दिसायला हवेत. ते दिसत नाहीत, ही या क्षेत्राची आजची खरी उणीव आहे. गुलमर्गला गोंडोलाची केबलगाडी स्कीपटूंना अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेते, आणि गस्तीच्या हद्दीबाहेरचा रानटी उतार तिथून हाकेच्या अंतरावर सुरू होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीपटू तिथे स्खलनात मरण पावले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच रशियाचा एक.

माहिती हाती असूनही माणसे चुकतात. अमेरिकेतील सातशेहून अधिक अपघातांचा अभ्यास करून इयान मॅकॅमन यांनी दाखवून दिले की बळी गेलेल्यांपैकी पुष्कळांना प्रशिक्षण होते आणि धोक्याच्या खुणाही समोर होत्या. ओळखीचा उतार, ठरलेला बेत, दुसऱ्यांच्या पाऊलखुणा, गटातला जाणता माणूस : निर्णय यांच्यावर सोपवला जातो. हे मराठी गटांनाही तंतोतंत लागू पडते. सुट्टी मोजकी, रेल्वेचे आरक्षण महिन्यांपूर्वीचे, शिखरावर फडकवायचा भगवा पिशवीत आणि पुढे चालणारे 'दादा' ज्यांना कोणी प्रश्न विचारत नाही. परत फिरण्याचा दिवस बेतात आधीच धरलेला असेल तर परत फिरणे जमते. धरलेला नसेल तर सगळा गट एकमेकांकडे पाहत पुढे जात राहतो. धोक्याचा उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवत, हा नियम म्हणूनच आहे : उतारावरचा भार कमी राहतो आणि काही झालेच तर शोधायला माणसे शिल्लक राहतात.

शोधायला वेळ फार थोडा असतो. वाहताना पाण्यासारखे वागणारे हिम थांबताक्षणी घट्ट होते. घर्षणाने कोमट झालेले कण एकमेकांना चिकटतात आणि आत अडकलेल्याला बोटही हलवता येत नाही. उच्छ्वासाची वाफ तोंडासमोर गोठून बर्फाचा पडदा धरते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतले नऊ जगतात. पस्तीस मिनिटांनी हे प्रमाण तिघांवर येते. बहुसंख्य मृत्यू गुदमरून होतात. हेलिकॉप्टर किंवा बचावपथक एवढ्या वेळात पोहोचत नाही, म्हणून वाचवणारे हात सोबत्यांचेच असतात. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संकेत देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर जोडून लांब होणारी सळई आणि धातूचे फावडे लागते. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोन्हींचा उपयोग जवळजवळ संपतो. फावड्याला लोक हसतात. पण मीटरभर खोल गाडलेल्या माणसावरचे टनभर हिम हाताने उपसता येत नाही.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर सुमारे १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फुटांखालून लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत निघाले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. देशभर लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तंबूत हवेची पोकळी उरली होती म्हणून तो दैवी वाटणारा अपवाद घडला. इतर नऊ जणांच्या वाट्याला तो आला नाही.

रस्ते, छावण्या आणि गावे यांचे संरक्षण वेगळ्या मार्गाने होते. उगमाच्या उतारावर हिम धरून ठेवणाऱ्या जाळ्या आणि अडसर, वाटेत वेग मोडणारे मातीचे ढिगारे, रस्त्यावरून हिम पार करून देणारे छत, आणि साठा मोठा होण्याआधीच स्फोटकांनी तो पाडणे. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्याने रोहतांगचा घातक चढ हिवाळ्यापुरता टाळला. बोगद्याकडे जाणारे रस्ते मात्र आजही स्खलनांच्या वाटा ओलांडतात. याहून जुना उपाय जागा सोडण्याचा आहे. बद्रीनाथच्या पुढे तीन किलोमीटरवरचे माणा गाव हिवाळ्यात रिकामे होते. मंदिराचे कपाट बंद झाले की भोटिया कुटुंबे गुरांसह, चरख्यांसह खालच्या गावांत उतरतात आणि वसंतात परत येतात. २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, हिमवृष्टी चालू असताना, याच माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिम कोसळले. छावणीत चौपन्न कामगार होते. शेहेचाळीस वाचले, आठ गेले. अनेकांना वाचवले ते झोपायच्या पोलादी कंटेनरने, ज्याच्या आत हवा शिल्लक होती.

मे महिन्यात माणाचे रहिवासी परततात तेव्हा नाळांच्या तोंडाशी हिमाचे मळकट ढिगारे अजून पडलेले असतात, त्यांत उन्मळलेली भूर्जाची खोडे आणि दगड रुतलेले. वरच्या उतारावर जंगलात उभ्या पट्ट्या मोकळ्या दिसतात. तिथे झाड वाढतच नाही, किंवा वाढले तर बुंध्याशी खाली झुकून मग वर वळते. स्खलनाच्या वाटांचा हा नकाशा उन्हाळाभर उघडा असतो. हिवाळ्याच्या कामासाठी छावणीची, तंबूची किंवा वाटेची जागा ठरवणाऱ्याने तो याच महिन्यांत, हिम नसताना, उतरून घ्यावा लागतो.